पावणेदहा

जालन्याचं पॉलिटेक्निक, बॅच बी, सहावं टेबल.
सत्तेचाळीस हजार ओहमचा रेझिस्टर,
हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, बारा व्होल्ट.
गुणाकार सोपा : सत्तेचाळीस सेकंद.
तेवढ्यात त्रेसष्ट टक्के भरायचं,
मग उरलेल्यातलं त्रेसष्ट, मग उरलेल्यातलं.
बारा काही केल्या पुरते होत नाहीत,
पाच वेळा थांबलं की झाले म्हणायचे.

स्टॉपवॉचचा सेल गेलेला. नाझनीन तोंडाने मोजायची,
मी काटा वाचायची.
सत्तेचाळीसला साडेसात हवे होते,
काटा सातच्याही अलीकडे.
"घाई करतेस," मी म्हणाले, "हळू मोज."
तिने हळू मोजलं, पुन्हा पहिल्यापासून,
आणि काटा चढत चढत पावणेदहावर बसला.
उठेना.

मागच्या वर्षीच्या जर्नलात अकरा पूर्णांक नऊ.
त्याच्या मागच्या वर्षीच्याही.
नाझनीनने पेन्सिलीने तेच लिहिलं,
मी खोडलं.
"पास तू करणारेस का मला?"

कडुबा जिगे, लॅब अटेंडंट, पलीकडे टर्मिनलांचा गंज घासत होते.
आले, वाकले, मीटरच्या पाठीवर बोट टेकवलं :
"हे बी पिऊ राह्यलं ना पोरी.
तुम्ही पाहू राहिल्या, ते काय फुकट दाखवील?"

पाठीवर बारीक अक्षरात, दोन लाख ओहम.
म्हणजे वर सत्तेचाळीस, खाली दोनशे,
बाराची वाटणी तशी.
पावणेदहाला किंचित कमी. आलं.
आणि नवा गुणाकार अडतीस सेकंदांचा,
म्हणजे नाझनीन पहिल्यापासून बरोबर होती.
मी हे तिला म्हणणार,
तेवढ्यात लाइट गेली.

पंखे घरघरत थांबले.
खिडकीतून स्टील मिलचा धूर, चार वाजताचा.
"सप्लायची वायर काढा," अंधारातून कडुबा, "आन् बसा पाहत."
भरताना दोन वाटा होत्या.
आता एकच, मीटरमधून.
दोनशे सेकंद.

नाझनीन मोजायला लागली,
या वेळी तिच्या घरातल्या बोलीत,
उनचास, पचास, इक्यावन,
कुणी घाई कर म्हणालं नाही, कुणी हळूही नाही.
दो सौ. काटा साडेतीनच्या जरा पुढे.

सरांनी पावणेदहाभोवती लाल गोल काढला :
रीडिंग चुकले?
खाली दोन ओळी रिकाम्या होत्या.
तेवढ्यात मी सर्किट पुन्हा काढलं,
मीटर आत धरून.