जबलपूर लाईनवर आहे

तिचं नाव मी आजवर दोनदा उच्चारलं.
एकदा ती रजेवर होती,
तेव्हा तिच्या जागी बसलेल्या मुलीला विचारताना.
आणि मग काल.
एरवी ती जबलपूर, मी नागपूर.
"बोलो नागपुर," म्हणायची,
जसं काही अख्खं शहर माझ्या घशात बसलंय,
गोळीबार चौकापासून फुटाळ्यापर्यंत.

ट्रंक बोर्डावर आम्ही अकरा जणी.
डोक्यावर पट्टी, हातात दोऱ्या,
समोर भोकंच भोकं, एकेका भोकात एकेक गाव.
ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग:
माणसाची घाई आम्ही तीन दरांत विकायचो.
इतवारीतला मिरचीचा अडत्या लाइटनिंग लावायचा,
भाव विचारून पंचवीस सेकंदांत ठेवून द्यायचा.
तांडापेठेतली एक बाई ऑर्डिनरी बुक करून
सहा तास तारऑफिसच्या बाकावर बसली होती.
लाईन लागली तर म्हणे, "जेवला का रे बापा?"
आणि उरलेला वेळ नुसती रडून राहिली.
मी तिकिटावर लिहिलं, तीन मिनिटे.
रडण्याचा वेगळा दर नव्हता.

ऐकायचं नाही, असा नियम होता.
कान काढून कुठं ठेवायचे,
ते नियमात नव्हतं.

रात्रपाळीत दोननंतर लाईन मोकळी झाली
की जबलपूर हळूच विचारायची, गरमी किती आहे?
मी आकडा सांगायची. ती तिचा सांगायची.
मे महिन्यात नेहमी मीच जिंकायची.
तिच्या पोराच्या गोवरापासून
माझ्या सासूच्या मोडलेल्या पायापर्यंत
सगळं त्या तारेवरून गेलं,
सरकारी खर्चानं.
तिच्या मागे कुणीतरी खोकत असे. माझ्या मागे पंखा.
चेहरा कधी लागलाच नाही,
आणि त्याची गरज आहे
असं आम्हा दोघींना वाटलंही नाही.

मग एसटीडी आलं. लोक स्वतःच गावं फिरवू लागले.
बोर्ड उचलून नेला त्या दिवशी
भिंतीवर त्याच्या मापाचा
एक स्वच्छ चौकोन राहिला.
मला बिलांच्या टेबलावर बसवलं.
निरोप घ्यायचा राहून गेला.
घ्यायचा कसा?
ज्या तारेवरून घ्यायचा, तीच खाली उतरवली होती.

काल शेजारचा प्रज्वल कूलरचा पंप पाहायला आला.
हातात पेचकस, खिशात फोन.
बोलता बोलता विषय निघाला, तर म्हणाला,
"काकू, नाव सांगा नं, काढून देतो."
नाव आठवेपर्यंत कूलरची अर्धी टाकी भरली.
शकुंतला. शकुंतला चौकसे.
तिचा नातू सापडला.
नातवानं आजी दिली.

पडद्यावर एक बाई आली.
मेंदी लावलेले केस, मागे फ्रिज, फ्रिजवर देव.
ही नाही, मी म्हटलं.
तीही चष्मा वर-खाली करत
माझ्यात कुणाला तरी शोधत होती.
दोघी फोटोला बसल्यासारख्या बसलो.
कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात मी मलाच दिसत होते,
पदर सारखा करत.
"दिसतंय ना?" "दिख रहा है."
पुढे काय बोलायचं?
इतकी वर्षं न पाहिलेल्या माणसाला
पाहून झाल्यावर?

तिचा हात हलला की फोनच निसटला, माहीत नाही.
पडदा काळा झाला.
छताचासुद्धा पत्ता नाही.
प्रज्वल म्हणाला, उलटा ठेवला वाटते त्यांनी.
मीही माझा उचलून कानाला लावला.
थोडी खरखर. दूर कुणाचा तरी खोकला.
आणि मग तोच,
जरा फाटलेला,
पण तोच आवाज:
"बोलो नागपुर. गरमी कितनी है?"

किती वेळ बोललो, कुणी मोजलं नाही.
मोजायची सवय मात्र जिभेवर राहिली असावी.
मध्येच कधीतरी मी म्हणून गेले,
"तीन मिनिट हो गए."
तिकडे ती हसायला लागली
आणि हसता हसता तिला ठसका लागला.

आवाज मध्ये येऊ नये म्हणून
प्रज्वलनं कूलर बंदच ठेवला होता.
घामानं फोन कानावरून सारखा घसरत होता.
मी हात बदलला.