बेट होऊ नये

अर्ज तीन प्रतींत. घरपट्टीची पावती,
मागचं बिल, छपराचा फोटो,
आणि एकाच रेघेत काढलेला सगळा संसार:
सूर्य इथून, इन्व्हर्टर इथे, मीटर इथे,
पुढे खांब क्रमांक सत्तेचाळीस.
खांबाला नंबर असतो
हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.

एकतीस वर्षं दिवाडीची फेरीबोट चालवली.
या काठाचं त्या काठाला नेलं,
मासळीच्या पाट्या, नवऱ्या मुली, एकदा एक पियानो.
आता म्हटलं, बसल्या जागी
दुपार पाठवावी पलीकडे.

वीज खात्यात वेर्णेकर बाई, ज्युनियर इंजिनियर,
फायलीवर अर्धा खाल्लेला उंडो.
मंजूर भार तीन, तर यंत्रही तीनच किलोवॅट,
छप्पर कितीही मोठं असो.
अर्थिंगचे खड्डे वेगवेगळे,
मीठ-कोळसा घालताना आमचा माणूस हजर हवा.
मग कलम नऊवर बोट ठेवून त्यांनी वाचलं:
'ग्रीड बंद असताना ग्राहकाच्या यंत्रणेने
बेट होऊन चालू राहू नये.'

मी म्हटलं, बाई, पत्ता वाचा.
पिएदाद, दिवाडी.
चारी बाजूंनी पाणी आहे.

त्या हसल्या नाहीत.
तुम्ही राहा हो बेटावर, म्हणाल्या,
तुमच्या विजेला राहता येणार नाही.
इथे सही.

नव्या मीटरवर दोन बाण, एक येणारा, एक जाणारा.
पहिल्या महिन्यात आली शहाण्णव, गेली एकशे बारा.
सुलक्षा म्हणाली, गेलेल्यातली आपली कुठली
ते ओळखू येतं का?
चॅपेलच्या दिव्याकडे मग आम्ही दोघं
थोडे दिवस उगाच बघत होतो.

बोंदेराला दोन दिवस होते.
तीन दिवसांच्या झडीनंतर असं ऊन
की ताटातलं मीठ तडतडावं.
साडेअकराला वीज गेली
आणि छपरावर एवढा सूर्य असून
आमचंही सगळं गेलं.
हिरवा दिवा लाल. पंखा थांबला.
मिक्सरमध्ये खोबरं अर्धं.
'मग एवढे पैसे कशाला घातले?' सुलक्षा.

म्हापशाचा मिस्त्री म्हणाला होता,
काका, छोटासा स्विच टाकतो,
लाइट गेली की तुमचं तुम्ही,
खात्याला वासही लागायचा नाही.
त्याचं कार्ड खणात होतं.
मी खण उघडला,
नंबर लावायला उजेड हवा म्हणून खिडकीशी आलो.

सत्तेचाळीसवर रुझार कुलासो.
पताकांची दोरी तारांत गुंतलेली.
कमरेला पट्टा, हातमोजे मागच्या खिशात,
उघडा हात त्या तारेच्या वितभर अलीकडे
जी तिथून सरळ माझ्या छपराला येते.
त्यानं माझ्या छपराकडे पाहिलं.
काचा चकाकत असणार.

'बंद आसा मूं तुमचें?'

बंद, मी म्हटलं.

तो एक क्षण आणखी माझ्याकडे बघत राहिला.
मग त्यानं हात पुढे केला.

आमच्या बोटीला पूर्वी फळीपुढे साखळी नव्हती.
शहाऐंशी साली खांडोळ्याच्या एका पोराचा अंगठा
फळी आणि धक्क्यामध्ये गेला.
दुसऱ्या दिवशी साखळी आली,
तिसऱ्या दिवशी पाटी.
लोक ती पाटी वाचून अजून वैतागतात.
मीही वैतागायचो, उशीर होतो म्हणून,
आणि ते पोर तर माझ्याच खेपेतलं.

रुझार उतरला. कुणीतरी ओरडलं.
एकेका घरातले फ्रिज घुरघुरायला लागले,
टीव्हीवरची बाई मधल्याच वाक्यापासून बोलू लागली.
माझा डबा मात्र लगेच नाही.
त्याचा वेगळा नियम: वीज आल्यावर पाच मिनिटं
आधी बघायचं, ती टिकते का.
दोनशे नव्व्याण्णव, दोनशे अठ्ठ्याण्णव,
आकडे उतरत होते आणि मी खुर्ची ओढून बसलो,
धक्क्याला लागलेल्या बोटीत बसावं तसा.

मिस्त्रीचं कार्ड दुमडून
खडखडणाऱ्या झडपेच्या फटीत घातलं.
बरोब्बर बसलं.

सुलक्षा काही पाच मिनिटं थांबली नाही.
तिनं उरलेलं खोबरं
कुणाच्या तरी विजेवर वाटून घेतलं.