आठ पिक्सेल

वेंगुर्ल्यात बर्फाच्या कारखान्यावर आमचं ऑफिस.
खाली लादी फुटली की वर टेबल हलतं
आणि दर वेळी मला वाटतं, सर्व्हर कोसळला.

चार वर्षं मी एकटाच होतो.
रंगही मीच, डेटाबेसही मीच.
निळा आवडायचा, म्हणून सगळं निळं.
बटण कुठे? लिहायला सोपं तिथे.
शोधतील की लोक, म्हणायचो,
तहान लागली की माणूस विहीर शोधतोच.

मग सोसायटीचं काम आलं: मासळीचा लिलाव फोनवर,
आणि कामाबरोबर ऑलिंडा फर्नांडिस, उभादांड्याची.
कोड येत नाही म्हणाली,
जसं कुणी सांगावं, मला गोड चालत नाही.

पहिला आठवडा ती ऑफिसात टेकलीच नाही.
बंदरावरून परतली तेव्हा चपलांना खवले,
वहीत एकही चौकट नाही, नुसते हात.
कालिंदीबाई कुबल फोन दाबते बोटाच्या पेराने,
कारण अंगठा ओला.
उन्हात स्क्रीनचा आरसा होतो,
तांडेल त्यात आपले दात बघतो.
आणि पानाच्या तळाशी, जसंच्या तसं:
"गो बाये, ह्या निळ्यात माझो सरंगो खंय गेलो?"

मी हसलो.
मग तिचे आराखडे आले.
बटण अंगठ्याएवढं, दोन बटणांत बोटभर रान मोकळं.
हे होणार नाही, मी म्हटलं.
होणार नाही, की करायचं नाही?

तेव्हा आम्ही भिंत घातली, रीतसर, कागदावर.
दिसणं तिचं, चालणं माझं.
तिने माझ्या फायलींना हात लावू नये,
मी तिच्या रंगांना.
पंधरवडाभर अशी शांतता
की खालच्या लाद्या मोजता याव्यात.

लिलाव चालू असताना लाईन जाते,
हे तिच्या चित्रात नव्हतं.
तिच्या चित्रात लाईन कायम असते,
कॅलेंडरवरच्या बंदरात कायम ऊन असतं तशी.
माझ्याकडे एक ओळ होती: एरर ५०३.
तिच्या दोन चौकटींच्या मधे आठ पिक्सेल उरले होते,
तिथे कोंबली. तांबड्यात.
तिला विचारलं नाही. भिंत होती ना.

चाचणीच्या दिवशी कालिंदीबाईने
त्यातलं वाचता आलं तेवढं वाचलं.
आज बाजारच पडलो, म्हणाली,
आणि बांगड्यांची भरली पाटी सोडली पाचशे तीनला.
शेजारच्या व्यापाऱ्याने मुकाट नोटा मोजल्या,
वर तीन सुट्टे.

ओळ माझी, जागा तिची.
मग पाटी कुणाची?
रापणीचे दोन दोर, दोन बाजूंचे खांदे,
असं कुणी त्या संध्याकाळी म्हणालं असतं
तर मी त्याला जिन्यावरून खाली घातला असता.
रापणीत समोरचा दिसतो.

उरलेले पैसे घेऊन दोघं गेलो. तिने घेतले, मोजले,
कोयता पाटावर आडवा ठेवला.
"तुमच्यातलो शाणो कोण?"
ऑलिंडाने माझ्याकडे बघितलं. मी वाळूकडे.

भिंत अजून आहे.
निळ्याला मी हात लावत नाही,
डेटाबेसला ती तुझं तळघर म्हणते.
फक्त रोज चारला, लिलावाआधी,
ती खुर्ची ओढून माझ्या बाजूला येते
आणि विचारते, आज काय काय बिघडू शकतं?
मी सांगतो. ती काढते. बराच वेळ जातो.

आता लाईन गेली की अख्ख्या स्क्रीनवर येतं:
थांब गो, इकू नको.
शब्द कालिंदीबाईचे.

खाली लादी फुटते.
आम्ही दोघं एकदम फोनकडे बघतो.
आहे. लाईन आहे.