अले, अल्ले

देमेलाश इथियोपियाहून आला टॉवेल शिकायला,
अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडमध्ये, सहा महिन्यांसाठी.
पहिल्याच दिवशी मुठीत कापूस धरून काहीतरी म्हणाला.
त होता, पण घशाचं दार लावून आतून फोडलेला,
धोटा पेटीवर थडकतो तसा.
मग पुन्हा तसाच त. मधे स्वर
ना अ, ना इ, नुसता टेकू,
दोन त एकमेकांवर पडू नयेत म्हणून.
मी म्हणालो, आमच्या तेलुगूत पत्ती.
रेवणसिद्ध म्हणाला, कन्नडात हत्ती.
सुपरवायझर हसला, हत्ती कुठं पिंजतात का बे!

डब्याच्या वेळी तो मराठी शिकायचा.
माझा डबा. माझी भाकर.
थांबला. दोन्हीकडं झ एकच लिहिता,
मग भाकरीपाशी जीभ टाळूला का चिकटते?
चाळीस वर्षं बोलतोय, मला कुठं माहीत.
त्यानं दाराकडं बोट केलं. पुरुषाला सांगायचं, किफेत, उघड.
बाईला सांगताना शेवटचा त विरघळतो, किफेच.
कांडीवाली नागमणी म्हणाली, मला काय म्हणशील?
किफेच.
तिनं दार उघडलं नाही. पण दिवसभर स्वतःशीच म्हणत होती.

बुधवारी त्याच्या चुलत्याचा निरोप आला.
ब्रूक, आणि पुढं दोन अक्षरं.
ब्रूक धाकटा भाऊ, ट्रकवर क्लीनर.
घाटात ट्रक उलटला, एवढं सकाळीच कळलं होतं.
अले म्हणजे म्हणाला. अल्ले म्हणजे आहे.
लिहायला दोन्ही सारखेच.
ल वर ल बसतो ते आमचं अक्षर सांगत नाही,
तोंडच सांगतं, म्हणाला.
मला समजावावं लागलं नाही.
आमच्या घरात एला म्हणजे कसं,
रेवणसिद्धच्या घरात एल्ला म्हणजे सगळं,
आणि मधे एकच भिंत.

म्हणाला असेल, तर काय म्हणाला?
वाक्य तर तिथंच तुटलेलं.

फोन लागेना. लागला
तर चोवीस माग ऐकू देईनात.
मी मेन स्विच खाली ओढला.
इतकी वर्षं पंखा किरकिरतो हे मला माहीत नव्हतं.
तिकडून एक घोगरा आवाज.
जीभ वर टेकली
आणि लगेच सुटली नाही.
देमेलाश खाली सुताच्या ढिगावर बसला.

त्या दिवशी चोवीस टॉवेलांत आडवी पट्टी आली,
माग थांबला की येते तशी.
मालकानं माझ्या हप्त्यातून कापले.
एक देमेलाशनं विकत घेतला.
पट्टीवरून बोट फिरवत मला म्हणाला,
ल्ल.