सुरी धरायची रीत

आमच्या देशात पवित्र आठवड्याला
सरकारी कॅलेंडरात पर्यटन सप्ताह म्हणतात.
नाताळ म्हणजे कुटुंब दिन.
शंभर वर्षं झाली, कुणाचं काही अडलं नाही.
आईच्या तोंडी देव यायचा
तो फक्त दूध उतू गेल्यावर.

पायसांदूच्या दवाखान्यात
सोमवार, बुधवार, शुक्रवार,
पहाटे साडेपाचला मी माणसं यंत्रांना जोडते.
चार तास रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं.
आठ खुर्च्या. आठ जणांची वजनं माझ्या वहीत,
चोरून प्यायलेलं पाणीसुद्धा
ग्रॅममध्ये.

जुलैत, ऐन कडाक्याच्या थंडीत, टीव्ही बंद पडला.
दुरुस्तीवाला येतो म्हणाला आणि आला नाही,
तेव्हा मी वाचू लागले.
आधी वर्तमानपत्र; त्यातली मयतांची यादी एदेल्माला सोसेना.
मग राशिभविष्य; त्यावर सगळे हसले.
मग एकदा, दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून,
कविता.
ग्रंथालयाचं पातळ पुस्तक, मुखपृष्ठ गेलेलं,
कवी कोण, कळायला मार्ग नाही.
पहिल्या दिवशी पाच जण झोपले.
दुसऱ्या दिवशी चार.

पाचव्या खुर्चीत एलादियो.
चाळीस वर्षं कत्तलखान्यात काढलेली.
हातात मातेचा तुंबा, रिकामाच;
त्याला तो कडू काढा वर्ज्य,
पण तुंबा नसला तर हाताला करमत नाही म्हणायचा.
मी वाचलं:
रात्र सुरीसारखी माझ्या मुठीत घट्ट.
डोळे मिटूनच तो म्हणाला, "चूक."
"काय चूक?"
"सुरी घट्ट धरत नाहीत.
घट्ट धरणाऱ्याचा दुपारी खांदा जातो,
संध्याकाळी बोट.
सुरी धरायची चिमणीचं पिल्लू धरावं तशी.
उडू नये इतकी. मरू नये इतकी.
लिही."
"पुस्तक ग्रंथालयाचं आहे, एलादियो."
"मग पेन्सिलीनं लिही."

त्यानंतर सगळ्यांनाच कंठ फुटला.
एदेल्मा, जन्मभर शिवणकाम केलेली, दोऱ्याच्या एका उपमेवरून
कवीला अर्धा तास बोलत होती.
वॉशिंग्टनला (हे माणसाचं नाव, शहराचं नव्हे)
एक ओळ इतकी आवडली की त्यानं ती
स्वतःचीच आहे म्हणून सांगायला सुरुवात केली.
समास पेन्सिलीनं काळे झाले.
पोटॅशियम होतं तेवढंच राहिलं.
हे नोंदवून ठेवते,
नाहीतर उगाच गैरसमज व्हायचा.

शुक्रवार ते सोमवार,
आमच्याकडे सगळ्यात लांब अंतर हेच.
ऑक्टोबरात त्या अंतरात एलादियो गेला.

शवगृहाच्या माणसानं विचारलं,
क्रूस ठेवू की काढू?
मुलगा विल्मार म्हणाला, काढा.
भिंतीवर खिळा उरला,
आणि कुठं पाहावं ते न कळून
सगळे त्या खिळ्याकडे पाहत राहिले.
"तुम्ही बाबांना काहीतरी वाचून दाखवायचात ना?"
पुस्तक दवाखान्यात होतं.
मी उभी राहिले. कवीची ओळ आठवेना,
रात्र होती की पहाट, तेही आठवेना.
आठवली ती पेन्सिल.
म्हणाले,
"उडू नये इतकी. मरू नये इतकी."
आणि खाली बसले. दुसरं काही नव्हतंच.

मागच्या रांगेत कत्तलखान्यातले जुने लोक,
इस्त्रीचे शर्ट, गळ्यापर्यंत बटणं.
त्यांचे उजवे हात मांडीवरून उचलले गेले,
त्यांच्या नकळत.
अंगठा कडेला, बोटं सैल,
आत नुसती हवा.
विल्मार बँकेत हिशेब तपासतो.
त्यानं वळून ते हात पाहिले, आपला उचलला,
मूठ वळली, घट्ट,
नखं पांढरी होईस्तोवर.
शेजारच्या म्हाताऱ्यानं
काही न बोलता
त्याची करंगळी जराशी सैल केली.