खंड सात, उजवीकडून

बाबालालच्या रद्दीत किलोवर मिळाले:
तिसरा, चौथा, सातवा, अकरावा.
मधले कुणाच्या तरी घरी अजून शिजत असतील.
शाहूपुरीतून सायकलच्या कॅरिअरला बांधून आणले,
वर दोन किलो लसूण.

दुपारी साडेतीनला
शेवटचं गिऱ्हाईक बडीशेप चघळत पायऱ्या उतरलं
की मी खानावळीच्या मागच्या दारात बसतो,
आणि जपानमधलं एक पोरगं,
माझ्याच वयाचं, कपाळाला फडकं बांधलेलं,
कांदा चिरायला घेतं.

काय चिरतं!
सुरीच्या रेघा चौकट फोडून बाहेर.
कांदा हवेत, काप हवेत,
खाली एक टरफल नाही.
मी रोज अकरा किलो सोलतो.
आमच्या मोरीत टरफलं तुंबतात,
त्याच्या मोरीचं चित्र चार खंडांत कुठंही नाही.

मग पंच येतात,
झाडूसारख्या भुवयांचे म्हातारे.
एक घोट घेतात आणि पाठीमागं समुद्र उसळतो,
गेलेली बायको पुलावर उभी दिसते,
कोटाची बटणं तुटून उडतात,
दीड पान नुसती चव सांगत राहतात.
पोराचा बाप दारातून पाठ फिरवतो,
म्हणजे समजायचं, त्याला आवडलं.

आमच्याकडं तीन नंबरला
पंप दुरुस्त करणारे घोरपडे बसतात.
वाटी उचलतात. म्हणतात, "पांढरा."
झालं परीक्षण.

रात्री बारा वाजता,
हाताला मटणाचा वास असताना,
पोटात दोन भाकरी असताना
मला कागदावरच्या शेवयांची भूक लागते.
उठून पातेलं खरवडतो,
डोळे मिटून समुद्राची वाट बघतो.
ढेकर येतो.

आणि रंग नाही हो!
आमचा तांबडा ह्यात काळा दिसला असता,
पांढरा तर नुसता कोरा कागद.
वाफेच्या केवढ्या बारीक रेघा ओढल्यात गड्यानं,
पण तवंग?
सातव्या खंडात, पान नव्वदवर
माझा अंगठा उमटलाय,
नेमका पंचाच्या कपाळावर, टिळा लावल्यागत.
सगळ्या पुस्तकात तेवढंच तांबडं.

एकदा कृतीत समुद्राचं शेवाळ होतं.
लक्ष्मीपुरीत विचारलं.
"शेवाळ? मग रंकाळ्याला जा की भावा."
सुका जवळा घेऊन आलो, भाजला.
चंपाआक्का गल्ल्यावरनं ओरडल्या,
"काय मेलंय रं आत?"

त्यांनीही एकदा अकरावा उचलला.
चष्मा पुसला, आणि डावीकडून सुरुवात केली.
त्यांच्या वाचनात पंच आधी रडला,
मग तोंडातला घास त्यानं वाटीत ठेवला,
पोरानं भरली वाटी आत नेली,
काप जुळून कांदा सबंध झाला,
मासा फळीवरनं उठून पाण्यात गेला.
"चांगलंय," म्हणाल्या,
"पण ह्यात पोट कुणाचं भरलं?"

सातव्याच्या शेवटच्या पानावर
सगळ्यांत मोठा पंच, चमचा ओठापाशी.
पुढचं आठव्यात.
आठवा बाबालालकडं नाही.
"आला तर ठेवतो," म्हणतो.
तीन महिने तो चमचा तसाच आहे.
आल्यावर काय होणार तेही मला माहीत आहे:
समुद्र, बायको, बटणं.
तरी दर सोमवारी जातो.

काल आक्का बँकेत गेल्या होत्या.
पांढऱ्यात मी भाजलेल्या जवळ्याची चिमूट टाकली.
चिमूटच.
दाराआड उभा राहिलो, हातात खरकटी ताटं.
घोरपड्यांनी वाटी तोंडाला लावली
आणि थांबले.
पाठीमागं गेल्या वर्षीचं कॅलेंडर, पाण्याचे क्रेट.
भुवई हलली. खरंच हलली.

तेवढ्यात फोन वाजला.
कुणाच्या तरी विहिरीवर मोटर जळाली होती.
पैसे ताटाखाली ठेवून गेले.

वाटीत निम्मा उरला होता.
इकडंतिकडं बघून मी तो उष्टाच प्यालो.

मीठ कमी.