झूल

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, गाळा नंबर अकरा.
फॅन्सी ड्रेस भाड्याने मिळतील. अनामत दोनशे,
डाग पडल्यास पन्नास कापले जातील.

एका खुंटीला वांगं, टोमॅटो, पोस्टमन, वासुदेव.
दुसऱ्या खुंटीला उडणारे सगळे.
वासुदेवाची टोपी तीन वर्षांत
एकाच पोराने नेली, तीही रडत.

माझे वडील मुरबाडला बैलांच्या झुली शिवायचे.
आरसे, गोंडे, कडेला लाल पट्टी.
बैलाला कळतं, म्हणायचे,
आज मान आहे, उद्या नांगर आहे.
संध्याकाळी झूल उतरली
की अंग झाडून मोकळा व्हायचा तो.

मी शिवतो त्या झुली साटिनच्या.
पोरं त्या उतरवत नाहीत.
जेवतात त्यात, झोपतात त्यात.
वरणाचा डाग मी लांबून ओळखतो.

जानेवारीत, गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी
समोरच्या इमारतीतला श्रेयांक भोईर, दुसरी ब,
ग्रिलच्या छोट्या दारातून बाहेर आला.
तिसरा मजला.
एक हात पुढे, मूठ आवळलेली,
जसं दाखवतात अगदी तसं.
पाय निसटला.
झूल एसीच्या लोखंडी कंसात अडकली
आणि पोरगं लोंबकळलं.
गळ्यापाशी माझी गाठ.

खाली आम्ही चाळीसेक जण. माना वर, मोबाईल वर.
मीही. खोटं कशाला बोलू,
पहिला विचार आला तो शिलाईचा :
दुहेरी टीप मारली होती ना आपण?
बाकीचे बघत होते आभाळाकडे,
जणू तिकडून कोणी निघालंच आहे.
फायर ब्रिगेडला फोन कोणी केला
यावर नंतर वाद झाला,
म्हणजे कोणीच केला नव्हता.

दुसऱ्या मजल्यावरच्या इंदुबाई सोनटक्के
कपड्यांची बादली सोडून खिडकीत चढल्या,
त्याचे पाय स्वतःच्या खांद्यांवर घेतले
आणि उभ्या राहिल्या.
नुसत्या उभ्या राहिल्या.
नळदुरुस्तीवाला यासीन जिन्यातून धावत वर गेला,
पोराला दंडाला धरून पक्कडीने गाठ तोडली.
बाईंच्या अंगावर विटका निळा गाऊन, डोक्याला टॉवेल.
असला पोशाख माझ्याकडे भाड्याने कोणी मागत नाही.

सोसायटीची मीटिंग झाली.
बँकेतून निवृत्त झालेले धारप म्हणाले,
हे उडणारे बिडणारे बंद करा, पोरं बिघडतात.
टाळ्या पडल्या.
मीटिंग सुटली ती नाक्यावरच्या फ्लेक्सखाली :
विभागाचा एकमेव तारणहार, वाढदिवसाच्या शुभेच्छा,
मागे ढग, विजा, हवेत उडणारी शाल.
तिथेच उभं राहून धारपांनी ठरवलं,
पाण्याचं काय ते साहेब आले की बघतील.

श्रेयांकची आई झूल परत घेऊन आली.
धुतलेली, इस्त्री केलेली, गळ्याशी तुटलेली.
अनामत मागितली नाही.
एवढंच विचारलं,
झुलीने चढवलं, की झुलीने धरलं?

दोनशे रुपये मी तिच्या हातात कोंबले.
दुसरं काय देणार.

आता गाठीच्या जागी वेल्क्रो लावतो.
ओढ पडली की सुटतो, गळा वाचतो.
पण त्या दिवशी वेल्क्रो असता तर
हा विचार रात्री शटरबरोबर खाली ओढतो
आणि तो मध्येच अडकतो, शटरसारखाच.

परवा पोरगं एकटंच दुकानात आलं.
गळ्यावर बारीक पांढरा वण.
वेल्क्रो उघडला, लावला, उघडला, चर्र, चर्र.
ही धरत नाही, म्हणालं.
मग वांग्याचा देठ डोक्यावर चढवून
आरशात बराच वेळ बघत राहिलं.